सातमाशी बाळ वाचतं कशामुळे?

"सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही." हे वाक्य बेळगावच्या शहापुरात ऐकू येतं, तसंच खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावांतही. ते साफ चुकीचं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पदरात पडतो. आठव्या महिन्यात झालेलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं, आणि नीट सांभाळ झाला तर दोन्ही वाचू शकतात. या समजुतीपायी घरची मंडळी आठव्या महिन्यातल्या बाळाबद्दल आधीच मनातून हात झटकतात, हे जास्त वाईट.

दुसरं नेहमीचं वाक्य दवाखान्याच्या व्हरांड्यात कानावर पडतं: "बाळाला पेटीत ठेवल्यात." म्हणजे आता जे काय करायचं ते पेटी करणार, आपण बाहेर बाकावर बसायचं. पेटीचं काम मोठं आहे, पण ती एकटी बाळ वाचवत नाही. काय वाचवतं, हे कळायला आपल्या बेळगावातच झालेल्या संशोधनाची फार मदत होते, म्हणून हा लेख.

आधी मोजणी. डॉक्टर महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. आपलं "नऊ महिने नऊ दिवस" ढोबळमानाने तिथेच येतं. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. ३२ आठवड्यांच्या आत झालेल्याला जास्त जपावं लागतं आणि २८च्या आतलं फारच नाजूक. वजनाचा हिशोब वेगळा: अडीच किलोच्या खाली कमी वजनाचं, दीड किलोच्या खाली अति कमी वजनाचं.

हे दोन हिशोब एक नाहीत. दोन किलोचं बाळ पूर्ण दिवसांचंही असू शकतं. आईच्या अंगात रक्त कमी, जेवण अपुरं, गरोदरपणात रक्तदाब वाढलेला, अशा वेळी बाळ दिवस भरूनही बारीक राहतं. त्याची फुप्फुसं तयार असतात, ते ओढून दूध पितं, फक्त लवकर गार पडतं. तेच दोन किलो ३३ आठवड्यांच्या बाळाचे असतील तर श्वास, दूध, ऊब या तिन्हींची काळजी. बाळ बघून हे दर वेळी नक्की सांगता येत नाही. म्हणून कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या तायी कार्डावर, किंवा महाराष्ट्रातल्या माता-बाल कार्डावर, शेवटच्या पाळीची तारीख बरोबर लिहिलेली असणं आणि पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी झालेली असणं महत्त्वाचं. पुढे बाळंतपणाच्या रात्री डॉक्टरांचे निम्मे निर्णय त्या तारखेवर उभे असतात.

आकडे थोडक्यात सांगतो. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख भारतात, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. श्रीमंत देशांत ३२ आठवड्यांचं जवळजवळ प्रत्येक बाळ जगतं. गरीब देशांत ३२ किंवा त्याहून कमी आठवड्यांची निम्मी बाळं दगावतात, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की त्यांना कमी पडतात त्या गोष्टी ऊब, दूध, जंतूंपासून बचाव आणि श्वासाला आधार अशा साध्याच असतात.

एकच इंजेक्शन, दोन निकाल

फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात. श्वास सोडला की ते मिटतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा उघडायला हवेत. ओली प्लास्टिकची पिशवी आतून चिकटली की उघडताना किती जोर लागतो, तसं अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं प्रत्येक श्वासाला होतं. फुगे चिकटू नयेत म्हणून फुप्फुस एक साबणासारखा पदार्थ तयार करतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४ वा आठवडा उजाडतो. त्याआधीचं बाळ कण्हतं, नाकपुड्या फुलवतं, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढतं आणि काही तासांत थकून जातं. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर होतं, तरी तो याच आजाराने दोन दिवसांत गेला. तेव्हा जगात कुणाकडेच इलाज नव्हता.

इलाज न्यूझीलंडमधून आला. लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवलं की लवकर कळा सुरू झालेल्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. आजही त्याच जातीचं औषध वापरतात. डेक्सामेथासोन, सहा मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. औषध स्वस्त आणि अगदी साध्या औषध दुकानातही मिळणारं.

इतकं स्वस्त औषध असेल तर ते मोठ्या दवाखान्यापुरतंच का ठेवायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, बाळंतपण करणाऱ्या प्रत्येकीच्या हातात का द्यायचं नाही? हा प्रश्न घेऊन अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारत अशा सहा देशांत खूप मोठी चाचणी झाली. भारतातली दोन ठिकाणं होती नागपूर आणि बेळगाव. इथलं काम केएलई या शिक्षणसंस्थेच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने पाहिलं. सहाही देश मिळून सुमारे एक लाख बाळंतपणांचा हिशोब मांडला. निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला तेव्हा सगळेच चरकले. बारीक बाळांच्या मृत्यूत काही घट झाली नव्हती. उलट सगळी बाळं मिळून पाहिलं तर जिथे इंजेक्शनं वाढवली तिथे मृत्यू थोडे वाढले होते, दर हजारी साधारण साडेतीन. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला होता.

म्हणजे औषध वाईट? तसा निष्कर्ष काढणारेही निघाले. पण तपशील पाहिला की वेगळं दिसतं. सोनोग्राफी नसल्याने दिवस अंदाजाने धरले गेले आणि इंजेक्शन मिळालेल्या बहुतेकींची बाळं मुळात बारीक नव्हतीच, त्यांना औषधाची गरजच नव्हती. आणि जी खरोखर लवकर जन्मली, त्यांच्यासाठी जन्मानंतर लागणारी ऊब, ऑक्सिजन, नळीने दूध यांची सोय अनेक ठिकाणी नव्हती.

पुढची चाचणी २०१७ मध्ये सुरू झाली, जागतिक आरोग्य संघटनेची, पाच देशांत. त्यातही बेळगाव होतं. औषध तेच. या वेळी मात्र अटी घातल्या: मोठा दवाखाना, सोनोग्राफीने पक्के केलेले दिवस (२६ ते ३४ आठवड्यांच्या आत), आईला जंतुसंसर्ग नाही, आणि बाळ जन्मल्यावर सांभाळायची सोय हजर. २८५२ आया सहभागी झाल्या. इंजेक्शन मिळालेल्या गटात १९.६ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. फायदा इतका उघड दिसला की चाचणी वेळेआधीच थांबवली. दर २५ आयांना इंजेक्शन दिल्यावर एक बाळ जास्त वाचत होतं आणि आयांमधला संसर्गही वाढला नव्हता.

दोन्ही निकाल एकाच जिल्ह्याने पाहिले आहेत, आणि माझ्या मते बेळगावकरांनी अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे, नकोसा निकालसुद्धा लपवला नाही म्हणून. औषधाची कुपी एकच होती. फरक पडला तो तारीख पक्की असण्याने आणि बाळाच्या आजूबाजूच्या माणसांनी.

श्वासाला जन्मानंतरही आधार द्यावा लागतो. व्हेंटिलेटरचं नाव काढलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, पण बऱ्याच बाळांना त्याआधीची पायरी पुरते. तिला बबल सीपॅप म्हणतात. नाकात दोन छोट्या नळ्या, त्यांतून थोड्या दाबाने हवा आणि ऑक्सिजन, आणि दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत काही सेंटिमीटर बुडवलेलं. नळी जेवढी खोल तेवढा दाब, त्यामुळे हवेचे फुगे मिटत नाहीत. बाटलीत बुडबुडे येत आहेत ना, एवढं नर्सने बघायचं. ऑक्सिजन मात्र मोजूनच द्यावा लागतो. तो जास्त झाला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतल्या पडद्यावर नको तिथे रक्तवाहिन्या वाढतात आणि बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

पेटी की आईची छाती

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबी नसते, कातडी पातळ असते, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. आपल्याला उकडतं त्या खोलीत ते गार पडतं. गार पडलं की अंगातली साखर आणि ऑक्सिजन ऊब तयार करण्यात खर्च होतात, श्वास आणखी बिघडतो, दूध पचत नाही. बाळाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस राहायला हवं. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय चाचपा. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार असतील तर धोका आहे.

दवाखान्यात आपण जिला पेटी म्हणतो ती बहुतेक वेळा पेटी नसतेच. वरून उष्णता देणारा, बाजूंनी उघडा वॉर्मर असतो. तो चांगलाच असतो, पण त्याला वीज लागते, दुरुस्ती करणारा लागतो, आणि बाळं जास्त झाली की एका वॉर्मरवर दोन ठेवायची वेळ येते. मग एकाचे जंतू दुसऱ्याला.

१९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात हीच अडचण होती. डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली, कातडीला कातडी. त्यालाच आपण आता कांगारू केअर म्हणतो. बरीच वर्षं डॉक्टर याकडे गरिबांचा नाइलाज म्हणून पाहत होते आणि बाळ आधी वॉर्मरवर स्थिर होऊ दे, मग आईकडे, असा नियम होता. २०२१ मध्ये तो नियमच उलटा ठरला. भारत, घाना, मालावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या दवाखान्यांत १ ते १.८ किलोच्या ३२११ बाळांवर चाचणी झाली. भारतात ती दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात होती. एका गटातल्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न बघता, आईच्या छातीवर ठेवलं, दिवसाचे साधारण १७ तास. त्यांच्यातले १२ टक्के दगावले. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या गटात १५.७ टक्के. ही चाचणीसुद्धा वेळेआधी थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटाला ताटकळत ठेवणं योग्य नव्हतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियम बदलला: जन्मल्यापासून, दिवसाचे ८ ते २४ तास.

यात वॉर्मर टाकून द्या असं कोणी म्हणत नाही. त्या चाचणीत आईची खाटच नवजात कक्षात नेली होती. सीपॅप, सलाइन, नळीचं दूध हे सगळं बाळ आईच्या छातीवर असतानाच चालू होतं. आपल्याकडे अडतं ते इथे. सिझेरियन झालेली आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर, आणि दारावर "आत प्रवेश नाही" ही पाटी. कर्नाटकातच कोप्पळ जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांमधून कांगारू केअर जिल्हाभर रुजवण्याचं काम झालं आहे, म्हणजे अगदी न जमणारी गोष्ट नाही.

करायची रीत सोपी. बाळाच्या अंगात फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं, मान एका बाजूला आणि किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून स्वच्छ ओढणी किंवा मऊ जुन्या साडीचं धडपं घट्ट बांधायचं आणि आईने किंचित मागे रेलून बसायचं. आई थकली तर बाप, आजी, मावशी. पुरुषमाणसं लाजतात, सदऱ्याची बटणं सोडायला तयार होत नाहीत. पण बापाच्या छातीची ऊबही तेवढीच असते. घरी आल्यावरही हे चालू ठेवायचं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळ्यात, जिथे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे याहून चांगली सोय नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी मात्र नको. कोळशाच्या धुराने आणि विषारी वायूने अर्धवट तयार फुप्फुसांचा जीवच जाऊ शकतो. तेल लावून रगडून आंघोळसुद्धा वजन वाढेपर्यंत थांबवायची, न्हाणारी बाई कितीही नावाजलेली असली तरी.

दूध, हात, आणि कुठे जायचं

ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांनंतर जमतो. त्याआधी नळीने दूध, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग अंगावर. दूध आईचंच. पहिल्या दिवसांचा घट्ट पिवळा चीक तर थेंबभर मिळाला तरी टाकायचा नाही, कारण अपुऱ्या दिवसांच्या आतड्याला सडण्यापासून तो वाचवतो. बाळ ओढत नसलं तरी बाळंतपणानंतर काही तासांतच आईने हाताने दूध काढायला लागायचं, रात्रीसुद्धा, दिवसातून आठ वेळा तरी. नाही काढलं तर आटतं. काढलेलं दूध स्वच्छ वाटीत झाकून खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास चालतं. मध, गुटी, साखरेचं पाणी काही नाही. आईला दूध येईपर्यंत दुसऱ्या आयांचं तपासून, तापवून निर्जंतुक केलेलं दूध वापरता येतं. आशियातली अशी पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

जंतूंबद्दल एकच सांगतो. आपल्या देशातल्या नवजात कक्षांत सापडणारे बरेच जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. म्हणून साबणाने धुतलेला हात हा तिथला सर्वांत मोठा इलाज. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवा असं नर्स ओरडून सांगते तेव्हा राग मानू नका. तिच्याकडे तीन-चार बाळं असायला हवीत, तेव्हा त्याहून कितीतरी जास्त असतात.

आता सीमाभागाचा प्रश्न. सरकारी व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत. बाळंतपण होतं तिथे नवजात कोपरा, तालुका पातळीवरच्या दवाखान्यात छोटा स्थिरीकरण कक्ष, आणि जिल्हा रुग्णालयात विशेष नवजात कक्ष, ज्याला एसएनसीयू म्हणतात. १८०० ग्रॅमच्या खालचं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ या तिसऱ्या पायरीवर हवं. बेळगावात ती सोय बिम्सच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, जिल्हा रुग्णालयात, आणि केएलईच्या प्रभाकर कोरे रुग्णालयातही नवजात अतिदक्षता विभाग आहे. नकाशावर राज्य वेगळं असलं तरी चंदगडहून कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. निपाणीकर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातात, अथणीकडचे मिरजेला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सासर कर्नाटकात आणि कागद महाराष्ट्रातले, असंही सर्रास होतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि आजारी बाळाचा उपचार मोफत असण्याची जननी-शिशु सुरक्षा योजना केंद्राची आहे, २०११ पासून. बाळासाठी ती आता वर्षभर लागू असते. ती दोन्ही राज्यांत चालते, आणि १०८ चा नंबरही दोन्हीकडे एकच. शेत किंवा दागिने गहाण टाकून खासगी दवाखान्याचं बिल भरण्याआधी एसएनसीयूत जागा आहे का, हे विचारायलाच हवं.

जायचं कधी, हे कुठे जायचं याहून महत्त्वाचं. दिवस भरायच्या आधी ठरावीक अंतराने कंबर-पोट दुखू लागलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. बाळ पोटात असताना बेळगावला पोचणं आणि बाळ जन्मल्यावर त्याला घेऊन पोचणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी पोचलं तर ते इंजेक्शन देता येतं, बाळ गारठत नाही, आणि आई-बाळ एकाच ठिकाणी राहतात. नंतर हलवायचीच वेळ आली तर बाळ कापडात गुंडाळून नाही, कुणाच्या तरी छातीवर, कातडीला लावून. शक्य असेल तर आईलाही सोबत न्या, नाहीतर दूध गडहिंग्लजला आणि बाळ बेळगावला अशी गत होते. सोबतच्या कागदावर इंजेक्शनचं नाव आणि वेळ लिहून घ्या, इंग्रजीत चालेल. कन्नड कागद मिरजेत अडतो, मराठी कागद बेळगावातल्या नव्या डॉक्टरला वाचता येत नाही. भाषेचं भांडण आपल्या जागी, बाळाला त्याचं काय!

डिस्चार्ज मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. गावची आशा सेविका घरी येईल, सहा आठवड्यांत निदान सहा वेळा. घरी येऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत देशाने गडचिरोलीकडून घेतली. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९९ मध्ये दाखवलं होतं की शिकवलेल्या गावातल्याच बायका नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करू शकतात. आशाने बाळाचं दूध सोडणं, सुस्त पडणं, अंग गार किंवा तापलेलं असणं, छाती आत ओढणं यांतलं काही पाहिलं आणि दवाखान्यात चला म्हणाली, तर पाचवी पुजायची राहिलीय म्हणून थांबू नका.

आणि डोळे. दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. बाहेरून डोळे छान दिसतात, बाळ बघतंय असंही वाटतं, आणि आतून पडदा सुटत असतो. वेळेत लेसर केलं तर नजर वाचते, दोन महिने उशीर झाला तर नाही. कर्नाटकात २००८ पासून बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाचे तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्यांतल्या नवजात कक्षांत जातात, फोटो काढतात आणि तज्ज्ञ दुरून ते पाहतात. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लिहिलेली नसेल तर विचारून लिहून घ्या.

पुढे शेजारपाजारचे विचारतील, "सहा महिन्यांचं झालं, अजून पालथं पडत नाही?" दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाकडून सहाव्या महिन्यात चौथ्या महिन्यातल्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची, दोन वर्षांपर्यंत वय असंच, जन्माची ठरलेली तारीख धरून मोजायचं. लसी मात्र खऱ्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.